न पाळलेला हुकूम : गोवा, डिसेंबर १९६१



गोवा मुक्तीची हकिकत बेळगावकरांना नव्याने सांगावी अशी नाही. ज्या घरांत आज ऐंशीच्या पुढची माणसे आहेत, त्या घरांत डिसेंबर १९६१ ची आठवण निघतेच. सतराव्या इन्फंट्री डिव्हिजनची जमवाजमव बेळगावात झाली होती. मेजर जनरल के. पी. कॅन्डेथ तिचे सेनापती होते. सांबऱ्याचा विमानतळ वायुदलाच्या हाताशी होता. त्याआधी १९५४-५५ साली सत्याग्रहींच्या तुकड्या आपल्या गावातून हद्दीकडे गेल्या होत्या, आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही पडले तेव्हा बेळगाव, निपाणी, सावंतवाडी या पट्ट्यातल्या घराघरांत सुतक पाळल्यासारखे वातावरण होते, असे माझ्या वडीलधाऱ्यांकडून मी ऐकत आलो. माझा जन्म त्याच सुमाराचा. तेव्हा मी साक्षीदार नाही, ऐकणाऱ्यांपैकी आहे.

ही गोष्ट आपण विजयाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण दवाखान्यात बसणाऱ्या माणसाची नजर आधी मृतांच्या आकड्याकडे जाते. भारताचे २२, पोर्तुगालचे ३०. चारशे एक्कावन्न वर्षांची राजवट छत्तीस तासांत संपते, हद्दीच्या एका बाजूला पूर्ण डिव्हिजन आणि दुसऱ्या बाजूला साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक उभे असतात, आणि मेलेल्या माणसांची बेरीज होते बावन्न. हे कसे घडले?

आपले नेहमीचे उत्तर असे : आपले सैन्य मोठे होते, योजना चोख होती, शत्रू कमजोर होता. हे खरे आहे, पण ते अर्धेच. कमजोर शत्रू शेवटच्या माणसापर्यंत लढायचे ठरवतो तेव्हा मृतांचा आकडा कमी होत नाही, वाढतो. वास्कोच्या गल्ल्यांत, मुरगावच्या धक्क्यावर, पणजीच्या जुन्या घरांतून जर आठ दिवस लढाई झाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण तसे झाले नाही. ते का झाले नाही, हा माझा आजचा विषय.

या विषयाकडे मी वळलो तो एका चित्रपटामुळे. २०१५ साली निघालेला एक डॅनिश चित्रपट आहे, 'क्रिगेन', म्हणजे 'युद्ध'. दिग्दर्शक तोबियास लिंडहोम. त्या वर्षीच्या ऑस्करच्या शर्यतीत परभाषिक चित्रपटांच्या अखेरच्या पाचांत तो होता. अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात एका डॅनिश तुकडीचा प्रमुख, क्लाउस पेडरसन, आपल्या माणसांसह गोळीबारात अडकतो. त्याचा एक तरुण शिपाई रक्तबंबाळ होऊन पडलेला, हेलिकॉप्टर उतरू शकत नाही, गोळ्या नेमक्या कुठून येताहेत ते दिसत नाही. नियम असा, की शत्रू तिथे आहे याची खात्री पटल्याशिवाय बॉम्ब मागवायचा नाही. पेडरसन खात्री न करता समोरच्या वाड्यावर बॉम्ब मागवतो. शिपाई वाचतो. वाड्यात अकरा नागरिक मेलेले निघतात, त्यांत मुले आहेत.

मग चित्रपट डेन्मार्कला येतो आणि उरलेला सगळा वेळ कोर्टात जातो. मला तो आवडला तो याच भागासाठी. तिथे कुणी खलनायक नाही. सरकारी वकील बाई आपले काम करतात. घरी बायको आणि तीन मुले आहेत. बायको त्याला सांगते की तुझी तीन मुले घरी जिवंत आहेत. अखेर त्याच्या हाताखालचा एक शिपाई कोर्टात खोटी साक्ष देतो, की मला त्या वाड्यातून बंदुकीच्या ठिणग्या दिसल्या. पेडरसन सुटतो. रात्री मुलाला झोपवताना पांघरुणाबाहेर आलेले त्याचे पाय तो पाहतो, आणि प्रेक्षकाला आधी दिसलेले दुसऱ्या एका मुलाचे पाय आठवतात. एवढेच.

म्हणजे इथे एका अधिकाऱ्याने आपली माणसे वाचवण्यासाठी कायदा मोडला, परकी माणसे मारली, आणि खोट्याच्या आधाराने तो निर्दोष ठरला. चित्रपट संपला तेव्हा माझ्या मनात याच्या नेमका उलटा एक माणूस आला. त्यानेही हुकूम मोडला, पण त्यामुळे आपली आणि परकी दोन्हीकडची माणसे वाचली. त्याने आपले कारण स्वतःच्या सहीने लिहून ठेवले, आणि तो दोषी ठरला. तो माणूस म्हणजे गोव्याचा शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल, मानुएल आंतोनियो वासालो ए सिल्व्हा. आपल्या शत्रूपक्षाचा सेनापती.

त्याची थोडी ओळख करून देतो. जन्म १८९९ चा. सैन्यात तो इंजिनिअर. डिसेंबर १९५८ मध्ये तो गोव्यात गव्हर्नर म्हणून आला. त्याची मोठी बहीण मारिया लामास ही पोर्तुगालमधली नामांकित लेखिका. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणारी आणि सालाझारच्या हुकूमशाहीला उघड विरोध करणारी. त्यासाठी ती तुरुंगातही जाऊन आली होती. एकाच घरात बहीण राजवटीच्या विरुद्ध आणि भाऊ त्याच राजवटीचा प्रतिनिधी. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या काळात भाऊ भूमिगत आणि मेहुणा मामलेदार अशी घरे होतीच की! तेव्हा हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये.

आता तो हुकूम. १४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारने लिस्बनहून गव्हर्नरला तार केली. तिचा आशय असा : तह नाही, शरणागती नाही, सैनिक आणि खलाशी एक तर विजयी असतील किंवा मेलेले असतील. निदान आठ दिवस टिकाव धरावा, म्हणजे तेवढ्या वेळात जगाचे लोकमत आणि दोस्त राष्ट्रे हलवता येतील. आणि शत्रूच्या हाती काही शिल्लक लागू नये.

आठ दिवस टिकण्यासाठी हाती काय होते? रणगाडे नाहीत. विमानविरोधी तोफा थोड्या आणि जुनाट. लढाऊ विमान एकही नाही. 'आफोन्सो द आल्बुकर्क' नावाची एक जुनी युद्धनौका. अंगोलात बंड पेटले होते आणि पोर्तुगालचे बळ तिकडे लागले होते. गोव्यातली फौज आधीच कमी केलेली. संरक्षणाची एक योजना कागदावर होती. पूल उडवायचे, रस्त्यांवर सुरुंग पेरायचे, मागे हटत हटत मुरगावच्या द्वीपकल्पात शेवटचा लढा द्यायचा. तिथल्याच एका कॅप्टनने, कार्लोस आझेरेदो यांनी, चाळीस वर्षांनी सांगितले की ती योजना अमलात येण्यासारखी नव्हतीच. पोर्तुगीज सैनिकांत एक किस्सा अजून सांगतात. रणगाडाविरोधी गोळ्यांसाठी सांकेतिक शब्द ठरला होता 'सॉसेज'. गोव्याहून तातडीची मागणी गेली, आणि लिस्बनहून विमानाने खरोखरचे सॉसेज आले. किस्सा वाढवून सांगितलेला असेल, पण आपली राजधानी आपल्याला कसे वागवते आहे याबद्दल शिपायाच्या मनात काय होते, ते त्यातून कळते. सीमाभागातल्या माणसाला दूरच्या राजधानीची ही रीत अगदीच अपरिचित नाही, पण तो विषय आज नको.

वासालो ए सिल्व्हाने पहिला हुकूम मोडला तो लढाई सुरू होण्याआधीच. 'इंडिया' नावाचे प्रवासी जहाज तिमोरहून लिस्बनला जाताना डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुरगावला लागले. कुणालाही चढू देऊ नये, असे लिस्बनचे सांगणे होते. लोक पळताना दिसले तर जगापुढे शोभा होईल. जहाजाची सोय ३८० प्रवाशांची. गव्हर्नरने सुमारे ७०० युरोपीय नागरिक त्यात बसवून दिले. बायका-मुले शौचालयांतसुद्धा बसून गेली असे नोंदलेले आहे. त्याच वेळी त्याने पत्रकारांना सांगितले, की मी स्वतः माझ्या सैनिकांबरोबर मरायला तयार आहे.

इथे एक कटू गोष्ट बोलायला हवी. जहाजात चढली ती युरोपीय कुटुंबे. वास्कोच्या कोळ्यांना, धक्क्यावर ओझी वाहणाऱ्या घाटावरच्या मजुरांना, गोव्यातल्या शेतकऱ्याला कुठले जहाज नव्हते. हा माणूस अखेर एका वसाहतीचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत आग्वादच्या किल्ल्यात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक कैदेत होते. त्याला संत करून मांडण्यासाठी मी उभा नाही.

१८ डिसेंबरच्या पहाटे आपले सैन्य हद्द ओलांडून आत गेले. तुम्हांला ठाऊक असलेला भाग मी भरभर सांगतो. उत्तरेकडून ब्रिगेडिअर सगतसिंग यांची पन्नासावी पॅरा ब्रिगेड, पूर्वेकडून मोले-कुळेच्या बाजूने त्रेसष्टावी ब्रिगेड. पॅरा ब्रिगेडमधली दुसरी पॅरा (मराठा) पलटण फोंड्याच्या बाजूने उतरली. ही मूळची आपली तिसरी मराठा. १९४४ साली इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच पलटणीत. तिकडे दमणवर पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल भोसले यांच्या हाताखाली चालून गेली. १९२२ पासून बेळगावात मराठा रेजिमेंटचे ठाणे असल्याने या पलटणींतल्या पोरांनी कवायत केली ती आपल्याच मैदानावर.

मला थांबायचे आहे ते आकाशातल्या एका गोष्टीपाशी. त्या सकाळी बारा कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. वजन ६३ हजार पौंड. वायुदलाला हुकूम असा होता की धावपट्टी निकामी करावी, पण विमानतळाची इमारत आणि इतर सोयी यांना धक्का लागू नये. दुसरी फेरी झाली तेव्हा तळावर दोन प्रवासी विमाने उभी होती. वैमानिकांनी ती सोडून दिली. त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टी कशीबशी डागडुजी करून दोन्ही विमाने अंधारात उडवली. त्यांतून अधिकाऱ्यांची कुटुंबे निसटली. युद्धशास्त्राच्या हिशेबाने ही आपली चूक म्हणता येईल. त्या विमानांतल्या मुलांच्या हिशेबाने काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा. ही हवाई मोहीम ज्यांच्याकडे होती त्या एअर व्हाइस मार्शलांचे नाव होते अर्लिक पिंटो.

त्याच सकाळी सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. दुपारी 'आफोन्सो द आल्बुकर्क' आपल्या 'बेतवा' आणि 'बियास'शी लढली. तिचा कप्तान आरागाव गंभीर जखमी झाला आणि नौका किनाऱ्याला लावावी लागली. लिस्बनशी बोलण्याचे मार्ग तुटले. आता गव्हर्नरला विचारायला वर कुणी नव्हते. चित्रपटातल्या पेडरसनची अवस्था हीच असते. हुकूम देणारे दूर, नियम करणारे आणखी दूर, आणि ज्यांच्या जिवाचे काय करायचे ते लोक हाकेच्या अंतरावर.

दीवमध्ये एक तरुण अधिकारी होता, लेफ्टनंट ऑलिव्हेरा ए कार्मो. 'व्हेगा' नावाची लहानशी गस्ती नाव त्याच्या ताब्यात. त्याने सणासुदीचा पांढरा गणवेश चढवला, आपल्या माणसांना हुकूम वाचून दाखवला, आणि आपल्या विमानांवर तोफ डागत तो मेला. लिस्बनने त्याला वीर म्हटले आणि तो शूर होताच. मी त्याचा उल्लेख अशासाठी करतो की सालाझारला असाच माणूस हवा होता, फक्त साडेतीन हजारांच्या संख्येने.

आपल्याही बाजूला एक जखम आहे. आग्वादच्या किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला सातव्या कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल गेले. किल्ल्यातून गोळीबार झाला आणि दोघेही पडले. बाकी लढाई जवळजवळ संपलेली असताना. शरणागती ठरायला जितका वेळ जातो तितक्या वेळात अशी माणसे जातात, हे लक्षात ठेवून पुढचे ऐकावे.

१८ च्या संध्याकाळी आपले सैन्य मांडवीच्या अलीकडे बेतीला पोचले होते. रात्र तिथेच काढून १९ च्या सकाळी ते पलीकडे पणजीत उतरले. पोर्तुगीज सैन्य योजनेप्रमाणे मुरगावकडे सरकले होते. त्या चिंचोळ्या द्वीपकल्पात वास्को शहर, बंदर, हजारो नागरिक आणि त्यांत मिसळलेली फौज. मागे समुद्र, समुद्रात आपले नौदल.

त्या दिवशी गव्हर्नरने लढाई थांबवण्याचा हुकूम लिहिला. त्यातले कारण मी माझ्या शब्दांत सांगतो. जमिनीवरून, समुद्रातून आणि आकाशातून होणाऱ्या माऱ्यापुढे मुरगाव राखायचे तर वास्कोच्या रहिवाशांचे जीव मोठ्या संख्येने जातील. माझी देशभक्ती जागी असतानाच मी शत्रूशी संपर्क साधायचे ठरवले आहे. सर्वांनी गोळीबार थांबवावा. रात्री साडेआठला त्याने शरणागतीच्या कागदावर सही केली. ४,६६८ माणसे कैद झाली. म्हणजे ४,६६८ माणसे जिवंत राहिली, असेही तेच वाक्य लिहिता येते.

जुन्या वास्तू, कचेऱ्या, पाण्याच्या आणि विजेच्या सोयी मागे शिल्लक राहिल्या. पूल मात्र बरेच उडवले गेले होते. हुकमाचा तेवढा भाग पाळला गेला. इंजिनिअर माणसाला पूल उडवताना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात उगाच येतो.

आता याला भित्रेपणा म्हणायचे का? आपल्या गावात माजी सैनिक पुष्कळ, आणि माझा हा प्रश्न त्यांच्यापैकी काहींना आवडणार नाही. ते म्हणतील, डॉक्टर, प्रत्येक अधिकारी जर आपला हुकूम आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला विचारून पाळायला लागला तर पलटण चालायची कशी? हा आक्षेप पोकळ नाही. हेलमंडमध्ये पेडरसननेही स्वतःच्या बुद्धीनेच नियम बाजूला ठेवला, आणि अकरा माणसे गेली. बुद्धी वापरली की ती योग्यच असते असे थोडेच आहे.

मला दोघांत फरक दिसतो तो असा. पेडरसनने मोडलेला नियम दुबळ्यांना वाचवण्यासाठी केलेला होता. वासालो ए सिल्व्हाने मोडलेला हुकूम दुबळ्यांचा बळी देऊन वर्तमानपत्रात मथळा मिळवण्यासाठी होता. आठ दिवस टिकून लष्करी दृष्ट्या काही साधणार नव्हते. सालाझारला ते आठ दिवस संयुक्त राष्ट्रसंघात हवे होते. आणि संयुक्त राष्ट्रसंघात तर १८ डिसेंबरलाच सुरक्षा समितीपुढे भारताविरुद्धचा ठराव आला. बाजूने सात मते, विरुद्ध चार, आणि सोव्हिएत युनियनचा नकाराधिकार. आठ दिवसांत तिथे आणखी काय होणार होते?

आमच्या जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी, घरसंसारात घडते ती आरंभी, धंद्यात घडते ती उद्योगी, आणि आपल्यावर चालून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. विरोधी हिंसा त्याला टाळता येत नाही असे मानले आहे. म्हणूनच श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चावुंडराय हा गंगांचा सेनापती होता, आणि आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती, १२०४ सालची, रट्ट राजाच्या अमात्याने बांधली. लढणाऱ्या राज्यांचेच हे लोक. पण एक बारकावा लोक विसरतात. विरोधी हिंसा अपरिहार्य म्हटली, तरी ती हिंसाच राहते. तिचा हिशेब सुटत नाही. अडवण्याचा हेतू संपला आणि तरी मारणे चालू राहिले, की त्याच क्षणी ती संकल्पी होते.

भरत आणि बाहुबली यांची गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. पण ते द्वंद्व ठरले कसे, ते आदिपुराणात पाहण्यासारखे आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली तेव्हा दोन्ही पक्षांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून विचार केला. हे दोघे भाऊ चरमशरीरी आहेत, याच जन्मी मोक्षाला जाणारे आहेत, युद्धात त्यांना काहीच होणार नाही. मरतील ते बाकीचे. तेव्हा सैन्ये बाजूला ठेवा आणि तुमचे तुम्ही निस्तरा. नेमक्या याच हिशेबाचा माणूस लिस्बनच्या मंत्रिमंडळात नव्हता. तो वास्कोत होता, आणि नाइलाजाने मंत्र्याचे काम सेनापतीला करावे लागले.

पुढे काय झाले, ते आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

कैद्यांना गोव्यातच छावण्यांत ठेवले गेले : वास्को, फोंडा, आग्वाद, नावेली. ते लवकर परत जावेत अशी भारताची इच्छा होती, पण कुठल्या मार्गाने आणि कुणाच्या वाहनाने न्यायचे यावर लिस्बनने महिने घालवले. मार्च १९६२ मध्ये फोंड्याच्या छावणीतून काही कैद्यांनी कचऱ्याच्या ट्रकमधून निसटायचा प्रयत्न केला. तो फसला, आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना ठार करण्यापर्यंत गोष्ट आली. फेरेरा द सिल्व्हा नावाचे एक जेझुइट पाद्री मध्ये पडले म्हणून ते टळले. त्या वेळी बंदुका आपल्या हातात होत्या. जिंकलेल्याची परीक्षा लढाईनंतर होते, ती अशी.

मे १९६२ मध्ये कैदी कराचीमार्गे बोटींनी लिस्बनला पोचले. तिथे त्यांच्या स्वागताला लष्करी पोलीस होते. पाच महिने कैद भोगून आलेल्या पोरांना आपल्याच देशाच्या बंदुकांसमोरून उतरावे लागले. २२ मार्च १९६३ रोजी मंत्रिमंडळाने गव्हर्नर जनरलला, लष्करप्रमुखाला, त्याच्या प्रमुख साहाय्यकाला, एका नौदल कप्तानाला, सहा मेजरांना, एका सबलेफ्टनंटला आणि एका सार्जंटला भित्रेपणाच्या ठपक्याखाली सैन्यातून काढून टाकले. आणखी नऊ अधिकाऱ्यांना सहा महिने निलंबित केले.

मंत्रिमंडळाने! न्यायालयाने नव्हे. डेन्मार्कच्या त्या चित्रपटात निकाल माझ्या मनाला पटत नाही, पण तिथे न्यायाधीश समोर आहेत, वकील प्रश्न विचारतो, आरोपीला उत्तर देता येते, आणि अकरा अनोळखी अफगाण माणसांच्या वतीने एक राज्य आपल्याच सैनिकाला जाब विचारते. पोर्तुगालने ज्याने माणसे वाचवली त्याला जाब विचारण्याचेही सौजन्य दाखवले नाही. तिथे हुकूम देणाराच न्यायाधीश होता.

दवाखान्याचा एक अनुभव इथे सांगण्यासारखा आहे. होमिओपॅथीत रोग्याची केस घेताना झोप, स्वप्ने, भीती हे सगळे विचारावे लागते. त्याशिवाय औषध निवडता येत नाही. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले पेन्शनर माझ्याकडे गेली पस्तीस वर्षे येतात. गुडघा कुठे दुखतो, कोणत्या थंडीत दुखतो, हे ते तपशिलाने सांगतात. स्वप्नांचा प्रश्न आला की बहुतेक जण हसून म्हणतात, स्वप्ने कसली हो डॉक्टर, पडल्या पडल्या झोप. कारगिलचे म्हणतात, श्रीलंकेला जाऊन आलेले म्हणतात. बायको शेजारी बसलेली असली तर ती माझ्याकडे बघते. मी लिहून घेतो आणि पुढचा प्रश्न विचारतो. त्यांना कुठला हुकूम मिळाला होता आणि त्यांनी काय केले, हे ऐकायला आपल्याकडे कोर्टही नसते आणि व्याख्यानमालाही नसते.

कैद्यांचा विषय निघाला म्हणून एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोहन रानडे. मूळचे सांगलीचे, गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवणारे मास्तर आणि आझाद गोमंतक दलाचे लढवय्ये. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये ते जखमी अवस्थेत पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा मुक्त झाला, साडेचार हजारांवर पोर्तुगीज कैदी आपण परत धाडले, आणि रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांच्यासारख्यांनी जिवाचे रान केले. ते सुटले जानेवारी १९६९ मध्ये. शत्रूच्या एका माणसाचे कौतुक करताना या सात वर्षांचा विसर पडता कामा नये. सैनिक परत पाठवताना आपण आपला माणूस आधी का मागून घेतला नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात कधी आले नाही.

गंमत अशी, की किल्ले राखणाऱ्यांच्या बाबतीत आपली स्मृती नेहमीच एकांगी असते. १८१८ साली मन्रोने आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला. पेशव्यांच्या शिबंदीने तो सुमारे तीन आठवडे लढवला आणि मग खाली ठेवला. आतली बहुतेक माणसे जिवंत बाहेर पडली. त्यांच्यापैकी काहींचे वंशज या सभागृहात बसलेले असतील. त्या किल्लेदाराचे नाव आपल्यापैकी कुणाच्या तोंडी नाही. तो लढून मेला असता तर एखाद्या चौकाला त्याचे नाव असते.

एप्रिल १९७४ मध्ये पोर्तुगालच्या सैन्यानेच तिथली हुकूमशाही उलथली. सालाझार त्याआधी चार वर्षे मेला होता. नव्या सरकारने गोव्याच्या त्या अधिकाऱ्यांवरचा ठपका पुसला आणि वासालो ए सिल्व्हाला त्याचा हुद्दा परत मिळाला. तेव्हा त्याचे वय पंचाहत्तरीला टेकले होते. आयुष्यातली अकरा वर्षे त्याने अधिकृत भित्रा म्हणून काढली होती. डिसेंबर १९७४ मध्ये पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, आणि दोन्ही देशांत पुन्हा वकिलाती सुरू झाल्या.

१९८० साली तो म्हातारा पुन्हा गोव्यात आला. या वेळी पाहुणा म्हणून. ज्या लोकांवर त्याने राज्य केले होते, आणि ज्यांच्या शहरात लढण्याचे त्याने नाकारले होते, त्यांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, पोर्तुगालमध्ये त्याचे निधन झाले.